साडूभाऊंची येणी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिच्या आधीचे चार महिने आमचे साडूभाऊ पळतात आणि नंतरचे अडीच महिने आम्ही पळतो. आम्ही म्हणजे त्यांची अख्खी सासुरवाडी, नौपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीचे सभासद, बँकेतले जुने सहकारी, इस्त्रीवाला आणि त्यांचे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांकडून कबुली घेतली तेव्हा साडूभाऊंच्या स्वतःच्याच तोंडात कापसाचे बोळे होते. त्यांनी पाच बोटं वर केली. डॉक्टरांना वाटलं दुखतंय, म्हणून त्यांनी समजुतीने मान हलवली. पाच बोटं म्हणजे किलोमीटरला पन्नास रुपये, हे डॉक्टरांना फेब्रुवारीत कळलं.

साडूभाऊंची उमेदीची सगळी वर्षं एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात गेली. वसुली अधिकारी म्हटला की मिशा आणि मोटारसायकल डोळ्यांपुढे येते. साडूभाऊंकडे दोन्ही नव्हतं. ते थकबाकीदाराच्या घरी जायचे, चपला नीट कडेला काढायचे आणि बसायचे. पैशाचा विषय काढायचेच नाहीत. चहा आला की घ्यायचे, धाकटा कितवीत आहे ते विचारायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे. अर्ध्या तासात घरमालकाचा धीर सुटायचा आणि तो आपणहून म्हणायचा, "साहेब, पंधरा तारखेपर्यंत करतो काहीतरी." मग साडूभाऊ पिशवीतून वही काढून 'पंधरा' लिहायचे आणि उठायचे. या एका वहीवर त्यांनी दोन ट्रक, एक ट्रॅक्टर आणि अख्खं मंगल कार्यालय बँकेच्या पदरात पाडलं, असं निरोप समारंभात अध्यक्ष म्हणाले होते. साडूभाऊ त्याही वेळी कॅलेंडरकडेच बघत होते.

असा माणूस देणग्या गोळा करायला निघाला तर ट्रस्टच्या ट्रस्ट उभे राहतील, असं कुणालाही वाटेल. पण साडूभाऊंना देणगी मागता येत नाही. समोरच्याकडून काही येणं असेल तर ते तीन तास बसतील. येणं नसताना हात पुढे करायचा म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडते. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मागायला निघालेल्यांत ते असायचे, पण जिन्यात सगळ्यांत मागे. पावतीपुस्तक दुसऱ्याच्या हातात. शेवटी आकडा कमी पडला की स्वतःच्याच नावाने दुसरी पावती फाडून मोकळे व्हायचे.

निवृत्तीनंतर बँकेतल्या एका शिपायाच्या पुतण्याला घेऊन ते परळला टाटा हॉस्पिटलमध्ये जाऊ लागले. तिथले आसपासचे फूटपाथ ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. बिहार, बंगाल, विदर्भ, मराठवाडा, कुठून कुठून माणसं कर्करोगाच्या उपचाराला येतात. उपचार महिनोन् महिने चालतात आणि तेवढे महिने मुंबईत राहायचं कुठे, हे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणखीही काही जागा आहेत, पण माणसं त्याहून फार. आजारी मुलांच्या आईबापांना खोली देणारी एक छोटी संस्था साडूभाऊंना तिथेच कळली. घरी येऊन त्यांनी वहीत पंधरा नावं लिहिली आणि फोन लावायला बसले. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आतून ऐकत होती. पंधराच्या पंधरा जणांची प्रकृती, गावाकडचा पाऊस आणि मुलांच्या परीक्षा यांची खोलवर चौकशी झाली आणि फोन ठेवले गेले. संस्थेचं नाव एकाही फोनमध्ये निघालं नाही.

नेमकी त्याच सुमारास त्यांची साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. उपवन तलावाभोवती चालता चालता ते पळणाऱ्यांच्या एका कंपूच्या हाती सापडले. या कंपूत सगळे एकमेकांना 'चॅम्प' म्हणतात, पोपटी रंगाचे टी-शर्ट घालतात आणि पळून झाल्यावर पळण्यापेक्षा जास्त वेळ पळण्याबद्दल बोलतात. त्यातल्या एका चॅम्पने त्यांना सांगितलं, की मुंबई मॅरेथॉनमध्ये संस्थेसाठी पळता येतं. 2004 साली सुरू झालेल्या या शर्यतीच्या देणग्यांचा व्यवहार युनायटेड वे मुंबई बघते. आपली संस्था तिथे नोंदलेली असली की तिच्यासाठी लिंक उघडायची, ती लोकांना पाठवायची आणि पळायचं.

साडूभाऊंना रात्रभर झोप लागली नाही म्हणतात. आपण आधी पळायचं! म्हणजे आपल्या बाजूने कर्ज देऊन झालं. आता समोरच्याकडे देणगी मागायची नाहीच. त्याच्याकडे आपलं येणं आहे, ते वसूल करायचं. आणि वसुलीत त्यांचा हात धरणारा ठाणे जिल्ह्यात कुणी नव्हता.

दर किलोमीटरवर लावला. अर्धमॅरेथॉन 21.0975 किलोमीटरची असते. हे दशांश कुठून आले तेही त्यांनी आम्हाला ऐकवलं. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपली. ते अंतर 42.195 किलोमीटर भरलं आणि 1921 मध्ये तेच कायमचं ठरलं. इंग्लंडच्या राणीसाहेबांच्या खुर्चीचा भुर्दंड असा शंभर वर्षांनी ठाण्यातल्या माझ्या खिशाला बसला, कारण साडूभाऊ दशांश सोडत नाहीत. पन्नासच्या दराने माझ्याकडे 1,054 रुपये आणि साडेसत्त्याऐंशी पैसे निघाले. "पूर्णांकात 1,055," साडूभाऊ उदारपणे म्हणाले. मी 1,050 पाठवले. या पाच रुपयांची गोष्ट पुढे येईल.

गणपती गेले की सराव सुरू होतो. रविवारी लांब पल्ल्याचं पळणं असतं, त्याला 'लाँग रन' म्हणायचं. सकाळी साडेआठला सासुरवाडीच्या ग्रुपवर घामाने चिंब टी-शर्टातला फोटो येतो आणि खाली ओळ: "आज 14 किमी. येऊरचा चढ. तुमच्या वतीने." हे 'तुमच्या वतीने' फार जिव्हारी लागतं. आपण मामलेदारची मिसळ खाऊन दुसरा पाव मोडायच्या बेतात असतो, आणि कुणीतरी आपल्या वतीने येऊर चढून आलेलं असतं. मंगळवारी फौजा सिंग येतात. वयाच्या 89 व्या वर्षी ते लंडन मॅरेथॉन पळाले, तेही वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी. गुरुवारी टेरी फॉक्स. कर्करोगात एक पाय गेलेला हा कॅनडाचा पोरगा 1980 मध्ये कृत्रिम पायावर 143 दिवस पळाला, 5,373 किलोमीटर, आणि प्रत्येक कॅनेडियनाकडून त्याची अपेक्षा फक्त एका डॉलरची होती. हा मेसेज आला तेव्हा ग्रुपवर बराच वेळ सामसूम होती. मग आमच्या मामेसासऱ्यांनी विचारलं, "तेव्हा डॉलर कितीला होता?"

घरात या सगळ्याचा भार ताईवर. पहाटे साडेतीनला गजर होतो तो तिच्या उशाशी, कारण साडूभाऊंना गजराने जाग येत नाही; ताईने हलवल्यावर येते. फ्रिजमध्ये ताकाच्या जागी ओआरएसच्या बाटल्या. नवरात्रात साडूभाऊ सांगतात की पळणाऱ्याने उपास करू नये, आणि दिवाळीत सांगतात की पळणाऱ्याने चकली खाऊ नये. दोन्ही वेळी ताई ऐकून घेते आणि ताटात जे वाढायचं ते वाढते. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं तर ते पाहुण्यांना दाखवायची त्यांना हौस. एकदा जेवताना त्यांनी चिंतेने जाहीर केलं, "माझा आयटी बँड आखडलाय." मांडीच्या बाहेरच्या बाजूला जो पट्टा असतो, त्याचं ते नाव. सासूबाईंनी घास खाली ठेवला. "म्हणजे नोटीस आली का इन्कमटॅक्सची?" त्यांनी विचारलं. आयुष्यभर बँकवाला जावई पाहिल्यावर त्यांना दुसरं काय सुचणार!

एका बाबतीत मात्र मॅरेथॉनवाल्यांनी मराठी माणसाची उत्तम सोय केली आहे. शर्यत संक्रांतीनंतर लगेच येते. शर्यतीच्या आधीचे दोन-तीन दिवस पिष्टमय खावं असा शास्त्राधार आहे, त्याला 'कार्ब लोडिंग' म्हणतात. साडूभाऊंचं लोडिंग गुळपोळीवर होतं. मधुमेह आणि मॅरेथॉन यांच्यामधल्या त्या अरुंद फटीतून ते दरवर्षी तीन गुळपोळ्या तुपासकट बाहेर काढतात. चौथीला ताईचा हात आडवा येतो.

शर्यतीच्या पहाटे रेल्वे खास लोकल सोडते. त्या लोकलमधला डबा एकदा बघण्यासारखा असतो. एरवी त्या वेळी पेंगणारी, मासळीच्या आणि भाजीच्या टोपल्या सांभाळणारी माणसं असतात. त्या दिवशी डबाभर लोक मांड्यांना मलम चोळत असतात आणि वास असा की डोळ्यांत पाणी यावं. पूर्ण मॅरेथॉनवाले सीएसएमटीला जातात. साडूभाऊंची अर्धी माहीमहून सुटते, म्हणून ते दादरला लाइन बदलतात. बदलताना पूर्णवाल्यांकडे ज्या नजरेने बघतात तिची मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

मार्गात वांद्रे-वरळी सी-लिंक लागतो. त्यावर एरवी पायी चालणाऱ्याला मज्जाव. तिथून पळत जायला मिळतं याचं लोकांना अप्रूप असतं. खाली समुद्र असतो. साडूभाऊंना विचारलं, काय वाटलं? म्हणाले, "टोल नाही लागला."

आम्ही उभे असतो पेडर रोडला. बायकोची बहिणीशी निष्ठा आणि माझी बायकोशी, असं ते लागोपाठ लागलेलं असतं. पेडर रोडचा चढ गाडीतून जाणाऱ्याला कधी कळत नाही. पंधरा-एक किलोमीटर पळून आलेल्याला तो चांगला कळतो. तिथले रहिवासी संत्र्याच्या फोडी, चिक्की, मिठातले उकडलेले बटाटे घेऊन उभे असतात, ढोल वाजत असतो, अनोळखी माणसं अनोळखी माणसांना "चलो अंकल!" म्हणून ओरडत असतात. मुंबईत एरवी अनोळखी माणूस आपल्यावर ओरडला तर त्याचं कारण वेगळं असतं. या गर्दीत साडूभाऊ येताना दिसतात. त्यांच्या पळण्याला पळणं म्हणायचं ते केवळ दोन्ही हात कोपरात वाकवलेले असतात म्हणून. शेजारून एक आजोबा चालत पुढे गेलेले मी पाहिले आहेत. पण साडूभाऊ थांबत नाहीत. आम्ही हाका मारल्या तरी बघत नाहीत, कारण त्यांच्या हातात एक लॅमिनेट केलेला चतकोर कागद असतो आणि ते त्यात बघत असतात.

त्या कागदाचा उलगडा नंतर झाला. त्यावर एक ते एकवीस आकडे आणि प्रत्येकापुढे दोन-तीन नावं. प्रत्येक किलोमीटर त्यांनी कर्जदारांना वाटून दिलेला होता. सासूबाईंचा सी-लिंकवरचा. "तुमचा फार हवेशीर गेला," असं त्यांनी सांगितल्यावर सासूबाई खूश झाल्या आणि पन्नासचे शंभर केले. इस्त्रीवाल्याचा मरीन ड्राइव्हचा. दातांच्या डॉक्टरांचा शेवटून दुसरा, जेव्हा दात ओठ खाऊनच पळावं लागतं. आणि मला पेडर रोड. "तुमचा फार भयंकर गेला हो," साडूभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, आणि गुडघा एकदाच, हळूच दाबला. यावर माणूस काय बोलणार? दर वाढवून दे असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच म्हणालो.

त्या दिवशी ड्रीम रनही असते. जेमतेम सहा किलोमीटर, वेळेचा हिशेब नाही. नऊवारीतल्या बायका, गांधीजी, शिवाजी महाराज, पाठीवर फलक लावलेले कॉलेजचे विद्यार्थी, कंपन्यांचे मोठे साहेब सेल्फी घेत चालतात. साडूभाऊ तिच्याबद्दल चांगलं बोलत नाहीत. मला विचाराल तर सगळ्या शर्यतीत शहाणी माणसं तीच. पण पेडर रोडच्या कर्जदाराला मत नसतं.

मग वसुली. पदकाचा फोटो सोमवारी येतो, मंगळवारी लिंक येते आणि फेब्रुवारीपासून साडूभाऊ स्वतः येतात. चपला कडेला. चहा. धाकटी कितवीत? भिंतीवर कॅलेंडर असतंच, आणि त्यात 31 मार्च असतो. लोक नाना सबबी सांगतात. अलीकडे सर्वांत चालणारी म्हणजे, "आम्ही नव्या करप्रणालीत गेलो, त्यात 80जीची वजावट नाही." साडूभाऊ मान डोलावतात आणि कॅलेंडरकडे बघतात. एकाने रोख दोन हजारांच्या वर देऊ केले, तर यांनीच त्याला परत पाठवलं, की रोखीत दोन हजारांवर वजावट मिळत नाही, ऑनलाइन करा. नव्वद दिवस उलटून गेलेल्यांची नावं वहीत मागच्या पानावर जातात. त्या पानावर वरती 'अनुत्पादक' असं लिहिलं आहे. माझा एक मेहुणा दोन वर्षं तिथे आहे. लग्नकार्यात तो साडूभाऊंच्या पंगतीला बसत नाही.

माझ्या पाच रुपयांसाठी ते आले 31 मार्चच्या रात्री पावणेनऊला. मी म्हणालो, "अहो साडूभाऊ, पाच रुपयांसाठी नौपाड्याहून रिक्षा करून आलात?" ते म्हणाले, "पळत आलो." मग पाणी पिऊन समजावणीच्या सुरात, "पाच रुपयांचा प्रश्न नाही. बँकेत दिवसअखेर अडीच रुपयांचा फरक आला तर आम्ही रात्री दहापर्यंत बसायचो. फरक सापडल्याशिवाय शटर ओढायचं नसतं." मी त्यांच्यासमोर फोनवरून पाच रुपये पाठवले. त्यांनी वहीत बरोबरची खूण केली. लगेच मला संस्थेचा आभाराचा मेसेज आला, आणि त्यात माझ्या भरघोस मदतीचा उल्लेख होता.

या सगळ्यावरचा नेहमीचा आक्षेप आमच्याकडेही घेतला गेला. तो घेतला मामेसासऱ्यांनी, बारशाच्या पंगतीत, मोठ्या आवाजात. बारा हजारांचे बूट, ते सहा-सातशे किलोमीटरला बाद. मनगटावरचं घड्याळ पंचवीस हजारांचं. फिजिओथेरपी, शर्यतीची फी, त्या बाटल्या. "जावईबापू, एवढे पैसे सरळ त्या संस्थेला नेऊन दिले असतेत तर? पहिल्या वर्षी तुमचे जमले किती आणि गेले किती?" साडूभाऊ गप्प झाले. हा हिशेब त्यांनी केलेला नसेल असं नाही. तो माणूस हिशेब न करता पाणीपुरीही खात नाही. उत्तर वाढता वाढता ताईने दिलं: "मामा, बूट मधुमेहाच्या खात्यात टाका. गोळी अर्धी झालीय त्यांची. आणि घड्याळ मी दिलंय, ते माझ्या खात्यात."

मामांची वजाबाकी बरोबर होती, पण त्यांनी एकच खातं उघडून पाहिलं होतं. साडूभाऊंनी गुपचूप चाळीस हजार नेऊन दिले असते तर आम्ही बाकीच्यांनी दमडी दिली नसती. मी तर नाहीच. परळच्या फूटपाथवरून मी काय कमी वेळा गेलोय? तिथून जाताना माझ्याकडे कुणाचं येणं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. एका साठीच्या माणसाने गुडघे झिजवून, वही घेऊन, माझ्या सोफ्यावर बसून ते तयार केलं. यात त्यांना मिरवायलाही मिळतं, हे खरं. पदकं त्यांनी दिवाणखान्यात अशी लावली आहेत, की येणाऱ्याचं डोकं एकदा तरी त्यांना लागतंच. लागू दे. मिरवायचा खर्च त्यांनी स्वतःच्या घामातून भागवला आहे. आमच्याकडे लोक त्याहून कमी खर्चात फ्लेक्सवर जातात.

यंदा ताईकडे सत्यनारायण होता. प्रसाद वाटून झाल्यावर साडूभाऊ उभे राहिले. घसा खाकरला. पुढच्या जानेवारीत आपण अर्धी नाही, पूर्ण पळणार, असं त्यांनी जाहीर केलं. 42.195. टाळ्या वाजण्याच्या जागी खोलीभर ओठ हलू लागले. प्रत्येक जण आपापल्या दराला गुणत होता. इस्त्रीवाल्याचं उत्तर सगळ्यांत आधी आलं आणि तो प्रसादाचा द्रोण हातात घेऊनच निघाला. सासूबाईंनी सी-लिंक पुन्हा आपल्यालाच मिळेल का, याची खात्री करून घेतली. मी पेडर रोड सोडून कुठलाही चालेल म्हणालो, तर कळलं की पूर्ण मॅरेथॉनमध्येही पेडर रोड चुकत नाही.

शेवटी मामेसासऱ्यांनी मुद्द्याचं विचारलं. "जावईबापू, तुम्ही अर्ध्यातच बसलात तर? त्या प्रमाणात पैसे परत?"

साडूभाऊंनी पिशवीतून वही काढली, मामांचं नाव शोधलं आणि त्यापुढे काहीतरी लिहीत म्हणाले, "परत नाही. उरलेले तुम्ही पळायचे. जामीनदार म्हणून तुमचीच सही घेतोय."